शौचाच्या वेळी ‘अंग’ बाहेर येतं? लपवू नका, उपचार आहेत

वस्तीतली आरोग्याची बैठक संपते, बायका उठून जातात आणि एखादी मावशी मागं रेंगाळते. चप्पल शोधल्यासारखं करते. सगळ्या गेल्याची खात्री झाली की पदर तोंडाला लावून विचारते, “सिस्टर, एक सांगू का? कुणाला बोलू नका.” पुढचं वाक्य काय असणार, हे आता आम्हाला बऱ्याचदा आधीच कळतं. “संडासला बसले की खालून अंग बाहेर येतं.”

अशाच एका मावशीची गोष्ट सांगतो. वय 58, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. नऊ वर्षं त्यांनी हा त्रास अंगावर काढला. आधी फक्त कुंथताना थोडं बाहेर यायचं आणि आपोआप आत जायचं. मग हातानं ढकलावं लागू लागलं. पुढं पाण्याचा हंडा उचलला, जोरात खोकला आला, तरी बाहेर येऊ लागलं. जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून त्या कामावर जात. लुगड्याला डाग लागेल, वास येईल या भीतीनं लग्नाकार्याला जाणं सुटलं, विहारात येणं सुटलं. मधल्या काळात ‘मूळव्याध-भगंदर खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावलेल्या एका माणसाकडून त्यांनी दोनदा इंजेक्शनं घेतली. त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं. फरक पडला नाही, उलट जखम झाली.

शेवटी सरकारी रुग्णालयात सर्जननी त्यांना कुंथायला सांगितलं, पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान केलं, “ही मूळव्याध नाही. हा गुदभ्रंश आहे.” नऊ वर्षांचा त्रास आणि दोन मिनिटांची तपासणी! म्हणूनच या अंकात हा विषय घेतला. लाजेनं जे बोललं जात नाही, ते इथं उघड लिहीत आहोत.

आजार नेमका काय आहे?

आपल्या मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण वीतभर लांबीचा भाग म्हणजे मलाशय. मळ इथं साठतो आणि गुदद्वारातून बाहेर पडतो. मलाशयाला जागेवर धरून ठेवायला खाली स्नायूंची झोळी असते आणि मागं माकडहाडाच्या बाजूला ते तंतूंनी बांधलेलं असतं. ही झोळी सैल पडली, बांधणी ढिली झाली की मलाशय खाली घसरतं. सदऱ्याची बाही उलटी करताना आतला भाग बाहेर येतो, तसं ते गुदद्वारातून उलटं होऊन बाहेर येतं. यालाच डॉक्टर गुदभ्रंश म्हणतात.

कधी फक्त आतलं अस्तर बाहेर येतं, हा अर्धवट गुदभ्रंश. कधी आतड्याची पूर्ण भिंत बाहेर येते, हा पूर्ण गुदभ्रंश. काहींमध्ये मलाशय आतल्या आत घडी पडून सरकतं, बाहेर काहीच दिसत नाही. पण जागा भरल्यासारखी वाटते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं आणि पोट साफ होत नाही.

इथं बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे गर्भपिशवी खाली आली तरी ‘अंग बाहेर येतं’ म्हणतात आणि मलाशय आलं तरी तेच म्हणतात. दोन्ही आजार वेगळे आहेत, डॉक्टरही वेगळे. काहींना दोन्ही एकत्र असतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: लघवीच्या बाजूनं, योनीतून येतं की शौचाच्या जागेतून येतं? दोन्हीकडून येत असेल तर तेही सांगा. त्यावर उपचार ठरतो.

मूळव्याध की गुदभ्रंश?

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मूळव्याधीत गुदद्वाराच्या रक्तवाहिन्या फुगून मोड येतात. ते वेगवेगळे, द्राक्षाच्या मण्यांसारखे दिसतात आणि त्यांच्या मधल्या खाचा मधून बाहेर जाणाऱ्या असतात. पूर्ण गुदभ्रंशात लालसर नळीसारखा भाग बाहेर येतो आणि त्यावर बांगड्या एकावर एक ठेवल्यासारख्या गोल घड्या दिसतात. सोबत शेंबडासारखा चिकट स्राव, कपडे ओले होणं, थोडं रक्त आणि पुढं पुढं वारा किंवा मळ न थांबणं असा त्रास होतो.

हा फरक घरी बसून पक्का करता येत नाही, तो डॉक्टरांनीच करायचा. पण मोडाचा इलाज मलाशयावर झाला तर इजा होते. म्हणून बोर्डवाल्या भोंदूकडून इंजेक्शन, धागा, क्षार किंवा जाळणारं औषध लावून घेऊ नका. शिवाय रक्त पडण्याचं कारण आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका.

हा आजार का होतो?

एकच कारण नसतं. वर्षानुवर्षं कुंथून शौच करणं, जुनाट बद्धकोष्ठ, फार दिवस चाललेले जुलाब, न थांबणारा खोकला, वयानुसार स्नायू ढिले होणं, बाळंतपणात स्नायूंना किंवा नसांना इजा होणं, पाठीच्या मणक्याचे आणि नसांचे आजार, ही त्यातली मुख्य कारणं. उतारवयातल्या बायकांत हा आजार जास्त दिसतो. पण पुरुषांना होतो, तरुणांनाही होतो आणि मूल न झालेल्या बाईलाही होतो. त्यामुळे ‘हिचं काहीतरी चुकलं असेल’ असं कुणी म्हणत असेल तर ते तिथंच थांबवा.

आपल्या वस्तीतली राहणी यात भर घालते. सार्वजनिक संडासाची रांग, तुटलेली कडी, दिवा नाही, रात्री जायची भीती. म्हणून बायका शौच दाबून धरतात, पाणी कमी पितात. मळ कडक होतो आणि मग कुंथावं लागतं. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी सवय अनेकींना आहे. त्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो आणि बद्धकोष्ठाचं मूळ तसंच राहतं. विडी, सिगारेट आणि चुलीचा धूर यांनी खोकला जुना होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी छाती तपासून घ्या. खोकला थांबला नाही तर खालचा ताणही थांबत नाही.

लहान मुलांना झालं तर

चार वर्षांखालच्या मुलांमध्येही हा आजार दिसतो. पोर शौचाला बसलं आणि लाल गोळा बाहेर आला की आई घाबरून जाते. घाबरू नका. मुलांमध्ये मूळ कारणावर उपचार केला तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. कारण म्हणजे बहुधा जुलाब, बद्धकोष्ठ, जंत, जोराचा खोकला किंवा कुपोषण. जुलाब असतील तर ओआरएसचं पाणी द्या आणि झिंकच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस द्या. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. मुलाचं वजन करून घ्या. कमी असेल तर अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सांगून उपचार सुरू करा. मुलाला शौचाला फार वेळ बसवून ठेवू नका, ‘जोर लाव’ म्हणू नका.

पुन्हा पुन्हा होत असेल तर मुलांच्या सर्जनना दाखवा. काही मुलांना आत इंजेक्शन देऊन अस्तर चिकटवतात. ऑपरेशन क्वचितच लागतं. कधी कधी यामागं एखादा वेगळा आजार असतो, तोही डॉक्टर तपासून पाहतात.

बाहेर आलेलं आत कसं घालायचं?

घाई करू नका, भाग उघडा ठेवून वाळू देऊ नका. हात साबणानं धुवा, हातमोजा असेल तर घाला. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या. स्वच्छ ओलं मऊ कापड किंवा व्हॅसलीन लावून तळव्यानं आणि बोटांनी हळूहळू, एकसारखा दाब देत आत सारा. तोंडानं लांब श्वास घेत राहा, कुंथू नका. आत गेल्यावर थोडा वेळ पडून राहा. नखं वाढलेली नकोत. हळद, चुना, तंबाखू, राख असलं काहीही लावू नका.

भाग सुजला असेल तर रुग्णालयात कधी कधी त्यावर चक्क साखर पसरतात. नातेवाईक बघतच राहतात. पण साखर सुजेतलं पाणी ओढून घेते, भाग लहान होतो आणि मग आत जातो. ही जुनी आणि खरी युक्ती आहे.

खालीलपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट रुग्णालय गाठा:

– प्रयत्न करूनही भाग आत जात नाही.
– त्याचा रंग जांभळा, निळा किंवा काळा पडला आहे.
– खूप दुखतं, रक्त थांबत नाही.
– पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, ताप आला.

बाहेर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर ते सडतं आणि जिवावर बेततं. तेव्हा जोरानं ढकलत बसू नका. ओलं स्वच्छ कापड ठेवा आणि निघा.

तपासणीला काय होतं?

सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा. डॉक्टर कुशीवर झोपवून बोटानं तपासतात. झोपल्यावर भाग बाहेर येत नाही, म्हणून शौचाला बसल्यासारखं बसून कुंथायला सांगतात. लाज वाटते हे आम्हाला माहीत आहे, पण हीच खरी तपासणी आहे. बाई रुग्णाजवळ नर्स किंवा घरची बाई असावी, हा तुमचा हक्क आहे, तो मागा. घरी भाग बाहेर आलेला असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांना मदत होते. तो फक्त डॉक्टरांना दाखवा आणि नंतर पुसून टाका.

गरज असेल तर दुर्बिणीनं आतडं तपासतात, विशेषतः वय जास्त असेल किंवा रक्त जात असेल तेव्हा. काहींना एक्स-रे किंवा एमआरआयवर शौचाची क्रिया पाहण्याची तपासणी आणि स्नायूंची ताकद मोजण्याची तपासणी लागते.

ऑपरेशनशिवाय काय होऊ शकतं?

खरं सांगायचं तर मोठ्या माणसाचा पूर्ण गुदभ्रंश गोळ्या, चूर्ण किंवा व्यायामानं बरा होत नाही. पण त्रास कमी होतो. अर्धवट गुदभ्रंशात एवढ्यावरही पुष्कळांचं भागतं आणि ऑपरेशन झालं तरी हीच पथ्यं पुढं लागतात.

आहार: ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकी, पालेभाजी, पेरू, केळं. पाणी दिवसभरात तांब्या-तांब्यानं. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. इसबगोल घेतलं तर त्यावर पेलाभर पाणी प्यायलाच हवं, नाहीतर उलट अडकतं. रोज जुलाबाचं चूर्ण स्वतःच्या मनानं घेऊ नका.

शौचाची सवय: कळ आली की जा, नसेल तर बसून कुंथू नका. पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, मोबाईल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल किंवा उलटी बादली घ्या.

व्यायाम: वारा अडवताना आपण जसं गुदद्वार आवळतो, तसं आवळून वर ओढा. पाचपर्यंत मोजा, सोडा, तेवढीच विश्रांती घ्या. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट-मांड्या ताठ करू नका. भाकऱ्या थापताना, बसमध्ये बसल्यावर, कुठंही करता येतो. फरक कळायला महिने लागतात. भाग बाहेर असताना मात्र करू नका.

ऑपरेशन कोणकोणतं?

दोन वाटा आहेत. एक पोटातून, दुसरी खालून.

पोटातून करतात ते ऑपरेशन म्हणजे घसरलेलं मलाशय वर ओढून माकडहाडाजवळच्या हाडाला टाके घालून किंवा जाळी लावून बांधणं. याला रेक्टोपेक्सी म्हणतात. आता ते बहुतेक ठिकाणी छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीनं होतं. पूर्ण भूल लागते. बद्धकोष्ठ फार असेल तर काही वेळा आतड्याचा वाढीव भागही काढतात. तब्येत धडधाकट असेल तर सर्जन बहुधा ही वाट सुचवतात, कारण आजार परत होण्याची शक्यता यात कमी असते. मात्र काहींना नंतर बद्धकोष्ठ वाढतं. जाळीमुळे क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा ती आत रुतते. मलाशयाभोवती लैंगिक क्रियेच्या आणि लघवीच्या नसा असतात, त्यांना इजेचा थोडा धोका असतो. तरुण पुरुषांनी हे सर्जनना आधीच विचारावं. ज्यांना अजून मूल हवं आहे अशा बहिणींनीही तसं आधीच सांगावं.

खालून करायची ऑपरेशनं वयस्कर किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्यांना सोपी जातात. पोट उघडत नाहीत आणि बऱ्याचदा कमरेत भूल देऊन भागतं. एकात बाहेर आलेलं अस्तर सोलून काढून स्नायूला चुण्या घालतात. हे डेलॉर्म ऑपरेशन, 1900 साली फ्रेंच सर्जन डेलॉर्म यांनी ते मांडलं. दुसऱ्यात बाहेर आलेलं आतडंच कापून टोकं जोडतात, त्याला अल्टेमायर म्हणतात. यात आजार परत होण्याची शक्यता पोटातल्या ऑपरेशनपेक्षा जास्त, पण शरीरावर भार कमी. अगदी थकलेल्या रुग्णाला गुदद्वाराभोवती टाका घालून तोंड आवळतात. तो तात्पुरता आधार असतो.

सर्वांसाठी एकच उत्तम ऑपरेशन असं नसतं. वय, तब्येत, बद्धकोष्ठ आहे की मळ थांबत नाही, हे पाहून ठरवतात. सही करण्याआधी विचारा: माझ्यासाठी हीच वाट का? जाळी लावणार का? परत होण्याची शक्यता किती? मळ थांबत नाही तो थांबेल का? प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. सही तुमची आहे, शरीर तुमचं आहे.

ऑपरेशन झाल्यावर

साधारण दोन-पाच दिवस रुग्णालयात राहावं लागतं. लघवीची नळी एक-दोन दिवस असते. आधी पातळ, मग मऊ जेवण. दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात, टाळू नका. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते असतं. मळ मऊ राहील असं औषध देतात, बरं वाटलं म्हणून ते बंद करू नका. सुरुवातीला थोडं रक्त आणि स्राव, पुन्हा पुन्हा कळ येणं होऊ शकतं.

साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, ओल्या चादरींची बादली, नातवंड, काहीच नाही. आमच्या अनुभवात बाईचं ऑपरेशन नीट होतं, पण घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती नळावर उभी दिसते. ही तिची हौस नसते. घरात दुसरं कुणी पाणी भरत नाही म्हणून ती जाते. तेव्हा घरातल्या पुरुषांनो आणि पोरांनो, ते सहा आठवडे पाणी तुम्ही भरा. तिच्या औषधोपचाराचाच तो भाग आहे. शरीरसंबंध कधी सुरू करायचे तेही सर्जन सांगतील तेव्हाच, जबरदस्ती अजिबात नाही.

मळ न थांबण्याचा त्रास पुष्कळ जणांचा कमी होतो, पण लगेच नाही, काही महिने जातात. स्नायू फार दिवस ताणले गेले असतील तर थोडा त्रास राहतोही. जितका उशीर, तितका स्नायू ढिला, म्हणून लवकर जा म्हणतो. ताप, वाढतं दुखणं, जास्त रक्त, पोट फुगणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर लगेच परत रुग्णालयात या.

पैशाचं काय?

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तुमचं ऑपरेशन योजनेत कोणत्या नावानं बसतं आणि या रुग्णालयात होतं का, हे दाखल होण्याआधी विचारा. योजनेत दाखल रुग्णाकडे कुणी पैसे मागितले तर 155388 या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आजच बघून ठेवा. ऐन वेळी तिथंच गाडी अडते.

सुरुवातीला सांगितलेल्या मावशींचं ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष झालं. खोकला आला की थोडं ओलं होतं अजून, ते त्या स्वतःच सांगतात. पण लुगड्याचा तुकडा सुटला. दोन घरची कामं त्यांनी पुन्हा धरली. गेल्या बैठकीत त्या शेवटपर्यंत थांबल्या आणि मागं रेंगाळणाऱ्या दुसऱ्या बाईला त्यांनीच हाताला धरून आमच्याकडे आणलं.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर हा अंक त्यांना वाचून दाखवा. जायला भीती वाटत असेल तर सोबत जा. ओपीडीत नंबर लावायला आणि सोबत बसायला दुसरं माणूस असलं की अर्धी लाज तिथंच जाते.